खेळांचा एकच डबा हवा का?

आमच्या कुटुंबात फुटबॉलचा एकच व्हिडिओ गेम दोनदा विकत घेतला गेला आहे. एकदा ठाण्याला पुतण्यासाठी आणि एकदा नाशिकला भाच्यासाठी. खेळ तोच, मैदान तेच, खेळाडू तेच, तबकडीचा आकारसुद्धा तोच. पण पुतण्याकडे सोनीचे प्लेस्टेशन आहे आणि भाच्याकडे मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स. एकाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रात घातली की यंत्र जरा घरघरते आणि मग ओळखच दाखवत नाही. दिवाळीच्या सुट्टीत हे नाटक पाहून माझी बहीण म्हणाली, "दादा, हे मिक्सरच्या भांड्यासारखं झालं. एका कंपनीचं भांडं दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरवर बसत नाही. या लोकांना सगळ्यांचं मिळून एकच यंत्र काढायला काय होतं?"

प्रश्न भाबडा वाटतो, पण तो तसा नाही. एक्सबॉक्स सीरिज एक्स हे यंत्र आपल्याकडे नोव्हेंबर २०२० मध्ये आले ते ४९,९९० रुपयांना. पुढच्या फेब्रुवारीत प्लेस्टेशन ५ आले, तेही बरोबर ४९,९९० रुपयांना. किंमत ठरवताना शेजाऱ्याकडे इतक्या बारकाईने पाहणाऱ्या कंपन्यांना तबकडी ठरवताना मात्र शेजारी दिसत नाही. त्यावर एकेक नवा गेम चार-पाच हजारांचा. मध्यमवर्गीय घरात हा खर्च पाच-सात वर्षांतून एकदाच होतो आणि तो एकदा झाला की मुलाचे सवंगडीही त्यानेच ठरतात. ज्याच्या घरी आपला डबा, तो आपला. दुसऱ्या डब्याची मुले म्हणजे जणू दुसऱ्या शाळेतली. आईबापांनी दुकानात उभे राहून दहा मिनिटांत घेतलेला निर्णय मुलाच्या संध्याकाळी कुणाबरोबर जाणार हे ठरवून टाकतो, आणि याची कल्पना दुकानदारही देत नाही.

गेल्या पावसाळ्यात या दोघा भावांना घेऊन आम्ही दाभोशाला गेलो होतो. पालघर जिल्ह्यात जव्हारपासून विसेक किलोमीटरवर हे गाव आहे. लेंडी नदी तिथे सुमारे तीनशे फूट खाली उडी घेते आणि पावसाळ्यातल्या रविवारी तो धबधबा पाहायला मुंबई-नाशिककडच्या गाड्या येत राहतात. घर सोडल्यापासून गाडीत मागच्या बाकावर एकच वाद चालला होता: कुणाचे यंत्र सरस. चित्र कुणाचे जास्त स्वच्छ, हातातले बटणांचे खोके कुणाचे जास्त वळणदार, कोणता गेम कुणाकडे नाही. जव्हार आले तरी निकाल लागला नव्हता. दाभोशाला पोचलो आणि असा पाऊस लागला की समोरचे झाड दिसेना. चहा-भज्यांच्या टपरीला लागून असलेल्या पडवीत आम्ही दोन तास अडकलो. मोबाइलची रेंज येत-जात होती. जास्त करून जात होती.

त्या पडवीत गावातली तीन मुले भिंतीला टेकून बसली होती. तिघांच्या हातांत तीन वेगळ्या कंपन्यांचे मोबाइल, एकाची काच कोपऱ्यापासून तडकलेली. 'मिनी मिलिशिया' नावाचा पळापळीचा आणि गोळीबाराचा खेळ रंगात आला होता. या खेळाला इंटरनेट लागत नाही. एकाने आपल्या फोनचा हॉटस्पॉट सुरू करायचा, बाकीच्यांनी त्याला जोडून घ्यायचे, झाले मैदान तयार. त्यांतल्या मोठ्या मुलाने आमच्या दोघांकडे पाहिले आणि म्हणाला, "या ना, दोन जागा रिकाम्या आहेत." आमच्या फोनांवर तो खेळ नव्हता, त्याने तो आपल्या फोनवरून पाठवून दिला. पुढचा दीड तास पाच मुले एकमेकांना गोळ्या घालत होती आणि आमच्या दोघांच्या तोंडी आपापल्या कंपनीचे नाव एकदाही आले नाही. कोणता फोन कुणाचा, हे कुणी कुणाला विचारलेच नाही.

म्हणजे बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर दाभोशाला आधीच येऊन बसले होते. फोन बनवणाऱ्या कंपन्या अनेक, पण आतली यंत्रणा एकच, अँड्रॉइड. पन्नास हजारांचा डबा जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कुणी नेणार नव्हते. त्याला आधी मोठा टीव्ही लागतो, मग न जाणारी वीज लागते. सात-आठ हजारांचा फोन, तोही बहुधा मोठ्या भावाने वापरून सोडलेला, पोचला आणि त्याबरोबर खेळही पोचला. एकच यंत्रणा असावी म्हणणाऱ्यांचे हे सर्वांत वजनदार म्हणणे आहे. वेगळ्या कंपन्यांनी एकाच पद्धतीचा माल काढला की किंमत खाली येते, जुना माल हातोहात फिरतो आणि शहराबाहेरच्या मुलापर्यंत काहीतरी पोचते. गेमच्या खास यंत्रांना हे कधी साधले नाही, आणि त्यांच्या कंपन्यांना त्याची फारशी खंतही दिसत नाही.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. अँड्रॉइडच्या वाड्यात भाडेकरू कितीही असले तरी घरमालक एकच, गूगल. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडमधल्या आपल्या बळाचा गैरवापर केल्याबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला आणि मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो दंड कायम ठेवला. फोन कोणत्याही कंपनीचा घ्या, दाराची किल्ली एकाच माणसाच्या कमरेला. खेळ बनवणाऱ्याला त्याच दारातून आत यावे लागते आणि तो सांगेल तो वाटा मोजावा लागतो. एकच यंत्रणा म्हटले की पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: ती कुणाची?

कुणाचीही नसलेली एकच यंत्रणा आपण एकदा पाहिलेली आहे, आणि तीही घराघरांत. आज चाळिशीच्या आसपास असलेल्या वाचकांना आठवेल. नव्वदच्या दशकात मुलाचा वाढदिवस आला, परीक्षेत बरे गुण पडले की घरात 'व्हिडिओ गेम' यायचा. कुणाकडे 'मीडिया', कुणाकडे 'लिटल मास्टर', कुणाच्या खोक्यावर भलतेच काही नाव. आत सगळ्यांच्या एकच वस्तू होती: जपानच्या निंटेंडो कंपनीने १९८३ साली काढलेल्या 'फॅमिकॉम' यंत्राची नक्कल. मूळ जपानी यंत्रात परकी कॅसेट अडवणारे कुलूप नव्हते. पुढे अमेरिकेत यंत्र नेताना निंटेंडोने ते कुलूप बसवले. पण तोवर मूळची, बिनकुलपाची रचना नकला करणाऱ्यांच्या हाती लागली होती. त्यामुळे आपल्याकडे कुणाचीही कॅसेट कुणाच्याही यंत्रात चालायची. नाही चालली तर काढून तिच्या बुडाशी फुंकर मारायची, पुन्हा घालायची. (फुंकरीने काही होत नसे, कॅसेट काढून घालण्यानेच काम व्हायचे. पण फुंकर मारणाऱ्याचा मान मोठा होता.)

चाळीत आणि सोसायटीत त्या कॅसेटी पुस्तकांसारख्या फिरत. एकाकडे 'कॉन्ट्रा', दुसऱ्याकडे 'मारिओ', तिसऱ्याकडे बदकांवर नेम धरायची प्लास्टिकची बंदूक. 'नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ' असे लिहिलेली एक पिवळी कॅसेट प्रत्येकाच्या ओळखीत कुणाकडे तरी असायची. तिच्यात खरे खेळ मोजके आणि तेच नावे बदलून पुन:पुन्हा. आठवणीत रमायला हे सगळे फार गोड आहे. पण त्या गोडव्यात एक गोष्ट सुटून जाते. त्या व्यवहारात खेळ रचणाऱ्याला एक पैसाही मिळत नव्हता. म्हणून त्या यंत्रासाठी आपल्याकडे कुणी नवे काही रचलेही नाही. इतकी वर्षे इतक्या मराठी घरांत ते यंत्र टीव्हीला जोडलेले होते. त्याच्या पडद्यावर मराठी अक्षर उमटलेले मी पाहिले नाही. खो-खो नाही, सुरपारंब्या नाहीत, एखादा किल्ला नाही. वापरणारे आपण सगळे झालो. बनवणारा कुणी झाला नाही, कारण बनवणाऱ्याला जागाच नव्हती.

नकलेच्या वाटेने नव्हे, तर रीतसर करारमदार करून एकच यंत्र काढण्याचा प्रयत्नही झाला आहे. ट्रिप हॉकिन्स या अमेरिकन गृहस्थाने, ज्याने 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स' ही गेमची मोठी कंपनी उभारली होती, 'थ्रीडीओ' नावाची रचना तयार केली. स्वत: यंत्र बनवायचे नाही, आराखडा द्यायचा आणि पॅनासॉनिक, सान्यो, गोल्डस्टार अशा कंपन्यांनी ते बनवायचे. व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर जसा कोणत्याही कंपनीचा घ्या, कॅसेट चालतेच, तसे. कल्पना माझ्या बहिणीच्या कल्पनेहून वेगळी नव्हती. ऑक्टोबर १९९३ मध्ये पॅनासॉनिकचे यंत्र अमेरिकेत बाजारात आले, किंमत जवळजवळ ७०० डॉलर. निंटेंडो आणि सेगा यांची तेव्हाची यंत्रे त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी किमतीत मिळत होती. तीन वर्षांत थ्रीडीओचा खेळ आटोपला.

किंमत एवढी का होती, यात या सगळ्या धंद्याची मेख आहे. प्लेस्टेशन, एक्सबॉक्ससारखी यंत्रे पुष्कळदा, निदान सुरुवातीच्या काळात, तोट्यात किंवा नाममात्र नफ्यावर विकली जातात. तो खड्डा पुढे गेमच्या विक्रीतून भरून काढायचा असतो; प्रत्येक गेममागे यंत्राच्या मालकाला वाटा मिळतो. थ्रीडीओच्या बाबतीत गेममागचा वाटा, तबकडीला ३ डॉलर, हॉकिन्सच्या कंपनीकडे जायचा. पॅनासॉनिकला जे कमवायचे ते यंत्राच्या किमतीतच. मग पॅनासॉनिकने यंत्र स्वस्त का द्यावे? एकत्र कुटुंबात दुधाचे बिल कुणी भरायचे यावरून जे होते, तेच इथे झाले. सगळ्यांचे यंत्र होते, म्हणून तोटा सोसणारा कुणीच नव्हता. आज आपल्याला डबा पन्नास हजारांत मिळतो, त्यामागे एका मालकाने पुढच्या पाच वर्षांच्या आशेवर लावलेला पैसा असतो, ही गोष्ट ग्राहकाने ध्यानात घ्यायला हवी. तो पैसा काही दानधर्म नव्हे. तो आपल्याकडूनच, गेमच्या किमतीतून, हप्त्याहप्त्याने वसूल होतो. तरीही सुरुवातीचा उंबरठा त्याने खाली येतो हे खरे.

एकत्र येण्याची आणखी एक कथा आहे, ती थोडी नाट्यमय. सोनी आणि निंटेंडो खरोखरच एकत्र आले होते. निंटेंडोच्या यंत्राला सोनीने तबकडीचा भाग जोडून द्यायचा, असे ठरले होते आणि जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने ते जाहीरही केले. नाव होते 'प्ले स्टेशन'. दुसऱ्याच दिवशी, त्याच प्रदर्शनात निंटेंडोने सांगितले की आपण हे काम सोनीबरोबर नव्हे, फिलिप्सबरोबर करणार. तबकडीवरच्या खेळांचा पैसा आणि हक्क कुणाकडे राहणार, यावरून निंटेंडोचे मन फिरले होते. भर मांडवात मोडलेले लग्न. त्या अपमानातून सोनीने स्वतंत्र यंत्र काढायचे ठरवले आणि डिसेंबर १९९४ मध्ये जपानात प्लेस्टेशन आले. त्या मोडलेल्या लग्नाची एक आठवण, दोन्ही कंपन्यांची नावे असलेला एक नमुना, मार्च २०२० मध्ये अमेरिकेत लिलावात ३ लाख ६० हजार डॉलरना गेला. ते लग्न झाले असते तर? निंटेंडो तेव्हा या धंद्यातला सावकार होता. सोनी त्याच्या घरचा जावई झाला असता, आणि खेळ कोणते यायचे, काय भावाने यायचे, हे निंटेंडो सांगेल तसेच चालले असते. मला तरी लग्न मोडले ते बरे झाले असे वाटते.

यावर कुणी म्हणेल, सिनेमाच्या तबकड्यांचे कसे जमले? खरे आहे. १९९५ मध्ये सोनी-फिलिप्सची एक तबकडी आणि तोशिबा-टाइम वॉर्नरची दुसरी अशी लढाई जुंपणार होती. आयबीएमसारख्या संगणक कंपन्यांनी ठणकावले की दोन तबकड्या आम्ही घेणार नाही, एक ठरवा. आणि डीव्हीडी एकच झाली. पण सिनेमा आणि गेम यांत फरक आहे. सिनेमा पडदा, टेप, तबकडी यांच्या आधीच पुरा झालेला असतो. यंत्र तो फक्त दाखवते. गेम यंत्राच्या अंगाने वाढतो. यंत्रात काय करता येते यावरून खेळ सुचतो. २००६ साली सोनी आणि मायक्रोसॉफ्ट जास्त ताकद, जास्त झळाळते चित्र यांमागे धावत होते. तेव्हा निंटेंडोने 'वी' नावाचे तुलनेने दुबळे यंत्र काढले, पण त्याचा रिमोट हातात धरून खराखुरा हात फिरवला की पडद्यावर टेनिसची रॅकेट फिरायची. ज्या आजीने आयुष्यात बटणांचे खोके हातात धरले नव्हते ती नातवाबरोबर खेळू लागली. जगभर दहा कोटींहून जास्त यंत्रे खपली. तिन्ही कंपन्यांची मिळून एक समिती असती आणि तिच्यापुढे हा रिमोट मांडला असता, तर दोन विरुद्ध एक मतांनी तो कपाटात गेला असता, याबद्दल मला शंका नाही.

तेव्हा एकच यंत्र नको, असे माझे मत आहे. पण म्हणून आज जे चालले आहे ते असेच चालू द्यावे, असेही नाही.

आपल्या कबड्डीकडे पाहा. महाराष्ट्रात हुतुतू, दक्षिणेत चेडुगुडू, बंगालात हाडूडू. मैदान वेगळे, बाद होण्याची रीत वेगळी, मेलेला गडी उठतो की नाही यावर गावागणिक भांडणे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत पुण्या-बडोद्याच्या व्यायामसंस्थांनी नियम लिहून काढायला सुरुवात केली, ते पुढे घासूनपुसून एक झाले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मुलांनी हा खेळ करून दाखवला आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचे स्थान मिळाले. नियम एक झाले म्हणून हे घडले. पण नियम एक करताना संघ एक करा, असे कुणी म्हणाले नाही. यू मुंबा आणि पुणेरी पलटण यांना एक करून टाकले तर सामना पाहायला कोण येईल? रेषा कुठे आखायची, श्वास किती टिकवायचा एवढे ठरले की बाकी चढाई ज्याची त्याने करायची.

गेमच्या धंद्यातली रेषा कुठे आखायची, हे हळूहळू ठरते आहे. तेही कंपन्यांच्या सद्‌बुद्धीने नव्हे, मुलांच्या रेट्याने. 'फोर्टनाइट' हा खेळ सगळ्या यंत्रांवर होता, पण प्लेस्टेशनवरच्या मुलाला एक्सबॉक्सवरच्या मित्राबरोबर तो खेळता येत नसे. दोष यंत्रांचा नव्हता, सोनीने दार लावून घेतले होते. जगभरच्या मुलांनी आरडाओरडा केला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये सोनीने ते उघडले. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले काही खेळ प्लेस्टेशनवर पाठवले. ऑगस्ट २०२५ मध्ये सोनीचा 'हेलडायव्हर्स २' एक्सबॉक्सवर आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने आपला मानाचा गणपती म्हणावा असा 'हेलो' प्लेस्टेशनवर आणण्याचे जाहीर केले. दहा वर्षांपूर्वी हे कुणी सांगितले असते तर मुलांनी त्याला वेड्यात काढले असते. याला प्रेम समजू नये. खेळ बनवण्याचा खर्च आता इतका वाढला आहे की एकाच डब्याच्या गिऱ्हाइकावर तो निघत नाही. यातली तिसरी बाई, निंटेंडो, अजून आपला मारिओ पदराखाली घेऊन बसली आहे.

या भिंतींचा त्रास सर्वांत जास्त कुणाला होतो? माझ्या पुतण्या-भाच्याला नव्हे. त्यांचे चार हजार दोनदा गेले, एवढेच. खरा त्रास आहे तो छोट्या रचनाकाराला. पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या लहानशा स्टुडिओने 'राजी' नावाचा खेळ केला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली मुलगी, तिला दुर्गेचा आणि विष्णूचा पाठिंबा, राजस्थानी महालांसारखी पार्श्वभूमी, पहाडी चित्रशैलीचे रंग. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा प्रयत्न केला, तो फसला. तरी नेटाने खेळ पुरा केला आणि २०२० मध्ये तो आला. 'द गेम अवॉर्ड्‌स'मध्ये पदार्पणातल्या उत्तम खेळांच्या नामांकनात जाऊन बसला. आता गंमत पाहा. हा पुण्यात घडलेला खेळ ऑगस्ट २०२० मध्ये सर्वांत आधी आला तो निंटेंडोच्या 'स्विच' यंत्रावर, म्हणजे जे यंत्र निंटेंडोने भारतात अधिकृतपणे विकायला आणलेलेच नव्हते त्याच्यावर. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि संगणकावर तो ऑक्टोबरात आला. पुण्यातल्या मुलाला पुण्याचा खेळ खेळायला दोन महिने थांबावे लागले.

यात स्टुडिओची चूक नाही. प्रत्येक डब्यासाठी तोच खेळ पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, प्रत्येक कंपनीची परीक्षा वेगळी, प्रत्येकीचे सामान वेगळे. मोठ्या कंपनीला हा किरकोळ खर्च असतो. मूठभर माणसांच्या स्टुडिओला तो वर्षाचा पगार असतो. नव्वदच्या त्या नकली यंत्रांच्या काळात आपल्याकडे रचनाकार उभा राहिला नाही, कारण त्याला मोबदला नव्हता. आता मोबदला आहे, तर चार दारांवर चार वेळा पथकर भरावा लागतो. कंपन्यांनी आपापली यंत्रे खुशाल वेगळी ठेवावीत. पण खेळ तपासण्याची रीत, खेळाडूची नोंद, मित्रांची यादी या गोष्टी जर एका पद्धतीच्या केल्या तर कुणाचेही गुपित फुटत नाही आणि पुण्या-मुंबईच्या दहा-वीस माणसांच्या स्टुडिओचे बळ वाचते. युरोपात चार्जरच्या बाबतीत असे झाले. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे फोनांना एकाच पद्धतीचा चार्जर सक्तीचा झाला आणि त्या कायद्याच्या यादीत हातात धरून खेळायची गेमची यंत्रेही आहेत. कंपन्या वेगळ्याच राहिल्या, खुंटी एक झाली.

राहता राहिला गिऱ्हाइकाचा हक्क, आणि तिथे मला सर्वांत जास्त चिंता वाटते. तबकडी होती तेव्हा ती निदान विकता यायची, मित्राला देता यायची. आता तबकडीची खाच नसलेली यंत्रे येऊ लागली आहेत. गेम 'विकत घ्या' असे बटण दाबायचे आणि तो उतरवून घ्यायचा. तो विकता येत नाही, देता येत नाही, दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर तर नेता येतच नाही. एवढेच नव्हे, प्लेस्टेशन ३ च्या तबकड्या सोनीच्याच प्लेस्टेशन ४ मध्ये चालल्या नाहीत. मार्च २०२३ मध्ये निंटेंडोने आपल्या दोन जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकाने बंद केली, आणि जे खेळ फक्त तिथेच मिळत होते ते मिळेनासे झाले. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून कायदाच केला आहे की, असा माल विकताना तुम्ही मालक होत नसून तुम्हाला फक्त वापरायची परवानगी मिळते आहे, हे स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' म्हणता येणार नाही. आपल्याकडे हे बटण दाबणारा बाप अजून समजतो की मुलाला वस्तू घेऊन दिली.

आपल्याच देशात याहून अवघड गोष्ट झालेली आहे. जानेवारी २०११ पासून मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर सुरू झाली. त्यासाठी कंपन्यांना एक व्हावे लागले नाही. नंबर कंपनीचा नसून गिऱ्हाइकाचा, एवढेच सरकारने ठरवले. गेमच्या बाबतीत हेच म्हणता येईल: एकदा पैसे मोजलेला खेळ, तो दुसऱ्या यंत्रासाठी तयार झालेला असेल तर, यंत्र बदलताना गिऱ्हाइकाला पुन्हा पूर्ण किमतीला विकता कामा नये. जुळवणीचा खर्च म्हणून थोडे पैसे घ्यावेत, त्याला हरकत नाही.

हे मागायचे कुणी? मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून गिऱ्हाइकांना एकत्र करते आहे. सोसायटी-सोसायटीत तिचे संघ महिन्याचे वाणसामान वाटून घेतात, वजनमापापासून औषधांपर्यंत तिने हात घातलेला आहे. तिच्या सभासदांच्या घरांतली मुले महिन्याच्या किराण्याहून जास्त पैसे एकेका गेमवर खर्च करत आहेत. पंचायतीने आपल्या सभासदांकडून अशा खरेदीच्या पावत्या गोळा कराव्यात, त्यांतला 'खरेदी' हा शब्द अधोरेखित करावा आणि त्याचा अर्थ काय, असे दिल्लीच्या ग्राहक व्यवहार खात्याला लेखी विचारावे.